खालचा वारा, वरचा वारा

प्रिय पोरी,

तुझी मेल पोचली. चिलीतल्या पारानाल वेधशाळेत त्या रात्री मास्टवर, म्हणजे वारा मोजायच्या खांबावर, वारा सेकंदाला जेमतेम 2 मीटर, मग स्फिअर या दुर्बिणीवरच्या ग्रहशोधक कॅमेऱ्याच्या चित्रात ताऱ्याला फुलपाखराचे पंख कुठून फुटले, असं विचारतेस. अगं, मास्टला जमिनीलगतचा वारा कळतो. पंख काढणारा जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, 12 किलोमीटरच्या आसपास वाहतो, आणि ते पंख त्याच्याच दिशेत पसरतात.

एकदा हाताने हिशेब कर. फ्रीड लांबी (जेवढ्या रुंदीत हवेची खळबळ प्रकाश फारसा बिघडवत नाही ती) 10 सेंटिमीटर, वारा सेकंदाला 10 मीटर, भागून 0.31 ने गुणलं की साधारण 3 मिलिसेकंद. तेवढाच वेळ हवा जवळपास तशीच राहते. वारा 30 झाला की उरतो 1. तेवढ्यात हवा पुढे सरकते आणि खळबळ सुधारायला आकार बदलणारा आरसा मघाच्याच हवेची दुरुस्ती करत बसतो.

खाली वारा पडला म्हणून खूशही होऊ नकोस. सेकंदाला 3 मीटरच्या खाली दुय्यम आरशाचे आधारदांडे आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षा गार होतात, त्यांच्या दोन्ही अंगांना वेगळ्या तापमानाची हवा साचते आणि ताऱ्याला मिकी माऊससारखे कान येतात. 2017 मध्ये दांड्यांवर लेप चढवल्यावर त्रास बराच कमी झाला.

म्हणून थराथराचा वारा हवा. त्यासाठी स्टिरिओ-स्किडार, म्हणजे जोडताऱ्याच्या लुकलुकण्यावरून हवेचे थर मोजणारं उपकरण. जोडताऱ्यातले दोन तारे 10 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) अंतरावर असतील, तर 10 किलोमीटरवरच्या थराच्या त्यांच्या सावल्या दुर्बिणीवर 48 सेंटिमीटर सरकून पडतात. म्हणजे सावल्यांमधलं अंतर उंची सांगतं, आणि एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत सहसंबंधाचा ठिपका (सावल्या एकमेकींशी जुळतात ती जागा) किती पळाला त्यावरून वेग. जो ठिपका जागचा हलतच नाही, तो बहुधा घुमटातल्या हवेचा. तो आधी वेगळा काढ.

दिशेपाशी सांभाळ. माझ्या पहिल्या मोहिमेत मी आठवडाभर चिलीवर पूर्वेचा जेट वाहवला होता! ठिपका हवा जाते तिकडे पळतो, हवामानवाले मात्र वारा येतो ती दिशा सांगतात. शिवाय कॅमेऱ्यात चित्र उलटं असू शकतं, ते वेगळंच. तुझा वरचा थर पश्चिमेचा निघतो का, ते अँटोफगास्ताहून सोडलेल्या बलूनच्या नोंदींशी ताडून बघ. बलून दिवसाचा असेल तर वेळेचा फरक लक्षात ठेव.

मग पंखांचा कोन आणि जेटची दिशा एकाच आलेखावर काढून मला पाठव. उत्तर दिशा कुठल्या बाजूला आहे, ते आलेखावर लिही. मागच्या वेळी विसरली होतीस.

तुझा,
सर