लेखनाच्या डिग्रीत फी नेमकी कशाची भरायची?

बारावीचा निकाल लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या घरांतून एक ठरलेली काळजी समुपदेशनाला येते. मुलाला किंवा मुलीला लिहायचंय. कथा, पटकथा, जाहिराती, वेब सिरीज, काहीही. आईवडिलांना दोन चिंता असतात: एवढी फी आणायची कुठून आणि पुढे पोट भरेल का. मुलाची तिसरी भीती मात्र कुणी विचारतच नाही. साध्या कॉलेजात गेलो तर आपण लेखक होणारच नाही, ही ती भीती.

घणसोलीची मनवा (नाव बदललं आहे) तीच घेऊन आली होती. वडील रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर, आई घरी शिवणकाम करते. हातात एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक: 'क्रिएटिव्ह रायटिंग'ची पदवी, वर्षाला अडीच लाख.

"मॅडम, हिच्या डोक्यातून हे खूळ काढा," आई म्हणाली.

"काढायला नको. आधी हिशोब मांडू," एवढंच उत्तर दिलं आणि कागद वडिलांच्या पुढ्यात सरकवला.

तीन वर्षांचे साडेसात लाख. शैक्षणिक कर्ज साडेदहा टक्क्यांनी, फेड दहा वर्षांत धरली, तर हप्ता महिन्याला १०,१०० रुपयांच्या वर जातो. हप्ते सहसा कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून मोठाच. वडील बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मनवाच्या चेहऱ्यावर मात्र 'बघा, सगळे पैशावरच येतात' हे स्पष्ट दिसत होतं.

आकड्यांनी पालक पटतात, मुलं नाही. त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न लागतो, आणि तो आता माझा हुकमी झाला आहे.

"तुझं लिखाण शेवटचं कुणी तपासलं?"

"दहावीत. मराठीच्या बाईंनी. निबंध होता."

"काय शेरा होता?"

"छान."

"मग काय बदललंस?"

ती काही बोलली नाही. वही आठवत असावी. मग हळू आवाजात म्हणाली, "काहीच नाही. छानच लिहिलं होतं ना त्यांनी." आणखी थोड्या वेळाने, माहितीपत्रक चाळत, स्वतःशीच बोलल्यासारखी: "इथे तपासणार कोण, ते कुठेच लिहिलेलं नाही."

पुढची दोन-तीन सत्रं या एका वाक्यावर उभी राहिली. लिहिणं शिकायचं म्हणजे लिहायचं, जाणत्या माणसाने खुणा करून परत द्यायचं, आणि आपण ते पुन्हा लिहायचं. फी द्यायची ती या खुणांची. वर्गाला एसी असला किंवा पदवीचं नाव भारी असलं, तरी कच्चा खर्डा सुधारत नाही.

मन वळवण्यापेक्षा हाताला काम द्यावं, असा माझा कल आहे. माणूस करता करता विचार बदलतो. मनवाला काम दिलं ते असं. प्रत्येक कोर्सचा अभ्यासक्रम छापून घ्यायचा. ज्या विषयात विद्यार्थ्याने स्वतः काही लिहून द्यायचं आहे, त्याभोवती पेन्सिलीने गोल करायचा. ज्यात फक्त लेखी परीक्षा, तो सोडायचा. स्वायत्त कॉलेजचा अभ्यासक्रम स्वतःचा असतो, तिथे विद्यापीठाची पीडीएफ चालत नाही. मग कॉलेजात जायचं, पण प्रवेशाच्या काउंटरवर नाही. गेटबाहेर चहा पिणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारायचं: मागच्या सत्रात किती वेळा लिहून दिलंत? परत मिळालं का? दाखवता का?

हा शेवटचा शब्द महत्त्वाचा. 'खूप प्रॅक्टिकल असतं' असं सगळेच सांगतात. तपासलेला कागद समोर आला की खरं-खोटं कळतं.

मनवा परत आली ती तीन पानं घेऊन. अडीच लाखांच्या कोर्समध्ये पहिलं वर्ष सगळ्या शाखांना सामाईक, वर्गात साठ मुलं, असाइनमेंट पोर्टलवर चढवायची आणि खाली फक्त गुण. ठाण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात बीए मराठीच्या तिसऱ्या वर्षाला वीस-बावीस मुलं. एका मुलीने दाखवलेल्या कथेच्या समासात लाल शाईने लिहिलेलं होतं: 'ही माहिती आजीच्या तोंडून का येतेय? ती असं बोलेल का?' मनवाने मोबाइलवर त्याचा फोटो काढून आणला होता. तो दाखवताना ती पहिल्यांदा हसली.

सगळ्याच साध्या कॉलेजांत असं मिळतं, असा याचा अर्थ नाही. कित्येक ठिकाणी पाठ्यपुस्तकाच्या नोट्स उतरवून घेण्यापलीकडे काही होत नाही. म्हणून तर गोल करायचे.

अमेरिकेत काही विद्यापीठांत लेखनाचे स्वतंत्र विभाग असतात. आपल्याकडे पदवीला लेखन बहुतेकदा भाषेच्या किंवा माध्यमाच्या पोटात येतं. मराठी किंवा इंग्रजी मुख्य विषय घेऊन बीए, हा सगळ्यांत स्वस्त रस्ता. ठाण्यात जोशी-बेडेकर, ज्ञानसाधना, वाशीत कर्मवीर भाऊराव पाटील अशी कॉलेजं लोकलच्या टप्प्यात आहेत, आणि विद्यार्थी सवलतीच्या पासाचा अर्ज कॉलेजातूनच मिळतो. अनुदानित तुकडीची फी सहसा वर्षाला काही हजारांत बसते. एकाच इमारतीत विनाअनुदानित तुकडीची फी कितीतरी पट असू शकते, तेव्हा अर्जावर तुकडी कोणती ते वाचून मगच सही करावी. जाहिरात-पत्रकारितेकडे ओढ असेल तर बीएएमएमसी (मल्टिमीडिया आणि जनसंचार विषयांतलं बीए) आहे, पण ते बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित. मेजर-मायनरच्या, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयांच्या, जोड्या प्रत्येक कॉलेजात वेगळ्या असतात. हवी ती जोडी यंदा प्रत्यक्षात चालू आहे का, हे विभागातल्या शिक्षकांनाच विचारावं. मुलं कमी पडली की विषय कागदावरच राहतो.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) सर्जनशील लेखनाची पदविका आहे. बारावीनंतर करता येते, किमान कालावधी एक वर्ष. युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिल्यामुळे ती नियमित बीएबरोबर करता येते. नोकरी करत शिकायचं असेल तर मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. तिथे खुणा करणारा माणूस आपला आपण शोधावा लागतो, हे धरूनच जावं. वाचनासाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. लिहिणाऱ्या मुलाने तिथलं सभासदत्व आधी घ्यावं, लॅपटॉप नंतर.

वडिलांनी विचारलं, "मुलींना शिक्षण फुकट झालंय ना?" ही गल्लत जवळपास प्रत्येक घरात होते. २०२४ ची ती शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साधं बीए त्यात धरू नये. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मात्र बघावी. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. घणसोली, ऐरोली, वाशी, नेरूळ ठाणे तालुक्यात येतात, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला ठाणे तहसीलचा लागतो. पनवेलकरांचा रायगड जिल्ह्यातून. दाखल्याला वेळ लागतो, तो निकालाआधीच काढून ठेवावा. अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात ते बहुधा खात्याचं आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे आधार क्रमांकावरून थेट त्याच खात्यात येतील अशी जोडणी, नसल्यामुळे. खातं आधारला 'लिंक' आहे एवढ्यावर थांबू नका, शाखेत जाऊन सीडिंगच तपासून घ्या.

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर नावनोंदणी, मग तिची प्रिंट जोडून कॉलेजचा अर्ज. अनेक मुलं फक्त कॉलेजचा अर्ज भरतात आणि पहिल्या यादीला मुकतात.

मनवाने त्या अनुदानित तुकडीत प्रवेश घेतला. आईला अजून खात्री नव्हती. "आणि नाही जमलं तर?" नव्या शैक्षणिक धोरणात मिळवलेली क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) अकॅडमिक बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात, जमा राहतात आणि तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं, ऑनर्सचं वर्ष घ्यायचं की नाही ते तेव्हा ठरवायचं. कॉलेजच बदलायचं झालं तर फी परताव्याचे युजीसीचे नियम २०१८ चे आहेत. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधी रद्द केलं तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा जाऊन पूर्ण फी परत मिळते, पुढे टप्प्याटप्प्याने कमी होत जाते, आणि अंतिम तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. तपासणी झाल्यावर मूळ गुणपत्रिका कॉलेजने ठेवून घ्यायच्या नसतात. कुणी ठेवू लागलं तर तिथेच परत मागाव्यात.