पाणी कमरेला आलं, हे लिहू नकोस

नाशिक

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

पहिली-दुसरीच्या मुलांच्या चित्रपुस्तकासाठी गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, पुराची गोष्ट निवडलीस, हे फार चांगलं केलंस. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला, यावरून पूर जोखणं इथल्या पोरांना घरातूनच ठाऊक असतं. पण ‘पाणी कमरेला आलं’ हे तू वाक्यातही लिहिलंस आणि चित्रातही मागितलंस. पाणी चित्रालाच चढवू दे. वाक्यात बुधवारच्या बाजारातल्या आजीची घाई येऊ दे: ‘टोपल्या वर घे.’ ‘ताडपत्री सोड.’ पाणी कुठवर आलं ते मूल बोट ठेवून दाखवेल, आणि आजी का घाबरली ते आपणहून सांगेल. अक्षरओळखीच्या पाठात शब्द आणि चित्र तंतोतंत जुळावे लागतात. तो नियम गोष्टीच्या पुस्तकात आणू नकोस.

हे साधायचं तर मारुती प्रत्येक वेळी उजव्या पानावर, त्याच जागी, त्याच आकाराचा हवा. चित्रकाराने एकदा जवळून, एकदा लांबून काढला तर पाणी चढलं की मारुती लहान झाला, हे मुलाला कळणार नाही.

आता डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, कर. ए-फोरचे ४ कागद एकात एक घालून मधोमध दुमड, घडीवर दोन पिना मार. १६ पानं होतात: पहिलं आणि सोळावं एकेकटं, मध्ये समोरासमोरच्या ७ जोड्या. पिन बाइंडिंगला पानं चारच्या पटीतच लागतात. गोष्ट १८ पानांवर गेली तर दोन पानं कोरी उरतील. पान २ वर प्रकाशनाचा तपशील, ३ वर बाजार. मग ४-५ वर पाय, ६-७ वर गुडघे, ८-९ वर कंबर, १०-११ वर छाती. तू छाती १० वर आणि डोकं ११ वर ठेवलंस, त्यामुळे १० वाचायच्या आधीच नजर ११ वर जाते. डोकं १२-१३ वर ने. पान उलटेपर्यंत ते दिसता कामा नये. ओसरणं १४-१५ वर, गाळ काढणं १६ वर.

घडीच्या दोन्ही बाजूंना १ सेंमी चेहरा किंवा अक्षर नको, तिथलं शिवणीत जातं. रंग कडेबाहेर ३ मिमी जाऊ दे, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते.

अक्षर २० ते २४ पॉइंट, ओळींतलं अंतर निदान दीडपट. कमी केलंस की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर आदळतात. फॉन्टमधले ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, आधी बघ. हिंदी वळणाच्या अक्षराशी पहिलीतलं मूल थबकतं. अक्षरं लाटांवर नकोत, मोकळ्या आकाशावर ठेव. ‘ताडपत्री’तलं जोडाक्षर खुशाल राहू दे, चित्र शब्दाला हात देतं. ‘विसर्ग’ हा शब्द मात्र काढ. ‘धरणातून पाणी सोडलं’ एवढं पुरे.

रंगवण्याआधी पेन्सिलीची डमी दोन वेळा तपास. एकदा मजकूर झाकून नुसती चित्रं उलट, एकदा चित्रं झाकून नुसता मजकूर वाच. दोन्हींपैकी एकातच गोष्ट पुरी कळली, तर दुसरं कुठे रिकामं बसलंय त्या पानावर खूण कर आणि ती डमी मला पाठव.