ओल्ड फेथफुल दर तासाला उडतो का? अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये एकच दिवस असेल तर गिझर पाहायचं कसं जमवावं?

नाही. ओल्ड फेथफुल हा गिझर, म्हणजे अधूनमधून उकळतं पाणी उंच उडवणारा झरा, दर तासाला उडत नाही. ही समजूत जुनी आहे आणि तिच्या भरवशावर राहून बरेच जण तिथे ताटकळतात. सध्या दोन उद्रेकांत साधारण दीड तास जातो. कधी तासाभरात उडतो, तर कधी दोन तासांच्या आसपास ताणतो. १९५९ साली जवळच हेबगेन लेकचा मोठा भूकंप झाला, त्यानंतर हे अंतर वाढत गेलं.

पण पुढच्या उद्रेकाचा अंदाज बांधता येतो, आणि तो तुम्ही स्वतःही बांधू शकता. उद्रेक सुरू झाला की मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. पाणी अडीच मिनिटांच्या आत बसलं, तर पुढचा उद्रेक तासाभराने किंवा थोडा उशिरा. त्याहून जास्त वेळ चाललं, तर दीड तासाने. दहा मिनिटं इकडेतिकडे धरा, आणि अंतर सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंत मोजा. हल्ली बहुतेक उद्रेक लांबच असतात.

गफलत होते ती सुरुवात ओळखण्यात. उद्रेकाच्या आधी बराच वेळ तोंडातून छोट्या उसळ्या येतात, मीटर-दोन मीटर उडतात आणि बसतात. लोक लगेच कॅमेरे सरसावतात. त्या मोजायच्या नाहीत. पाण्याचा खांब एकामागून एक उंच चढत गेला आणि खाली बसलाच नाही, की तिथून वेळ धरा. उंची सरासरी ४० मीटर, सगळा खेळ दीड ते पाच मिनिटांचा.

हे असं का चालतं तेही सांगतो, म्हणजे अंदाजामागचं कारण कळेल. गिझरचं तोंड समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंचावर आहे, त्यामुळे तिथे पाणी ९३ अंशांना उकळतं. पण तोंडाखाली जमिनीत जाणाऱ्या नळीत दहा मीटर खालच्या पाण्यावर वरच्या पाण्याचा दाब असतो; त्याला उकळायला सुमारे ११५ अंश लागतात. संशोधकांनी नळीत कॅमेरा सोडला तेव्हा सुमारे सात मीटर खोलीवर ती जेमतेम ११ सेंटिमीटर रुंद असल्याचं दिसलं. अशा चिंचोळ्या वाटेमुळे पाणी वरखाली मोकळं फिरून निवत नाही, उष्णता खाली कोंडते. वरचं थोडं पाणी उसळून बाहेर पडलं की दाब घटतो आणि अति तापलेलं पाणी एकदम वाफ होऊन उरलेलं वर फेकतं. उद्रेक लांबला म्हणजे नळी जास्त रिकामी झाली, म्हणून भरायला आणि तापायला जास्त वेळ. पाण्याचा पुरवठाच तुटला तर गिझर थांबतो: तेराव्या-चौदाव्या शतकातल्या दीर्घ दुष्काळात ओल्ड फेथफुल उडणं बंद होतं. हे कळतं, कारण त्याच्या तोंडाभोवतीच्या उंचवट्यावर त्या काळात वाढलेल्या झाडांचं लाकूड सापडलं आहे.

आता माझा खरा सल्ला. ओल्ड फेथफुल एकदा पाहा आणि उरलेला वेळ ग्रँड नावाच्या गिझरला द्या. तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे, साधारण सहा-सात तासांनी उडतो आणि ६० मीटरपर्यंत जातो. अंदाजे वेळ व्हिजिटर सेंटरच्या फलकावर आणि नॅशनल पार्क सर्व्हिसच्या अ‍ॅपवर मिळते, पण ती नेमकी वेळ नसते, काही तासांचा पट्टा असतो. पार्कमध्ये नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून फलकाचा फोटो काढून ठेवा.

समोरच्या बाकावर बसलात की ग्रँडच्या कुंडाकडे आणि डावीकडच्या टर्बन गिझरकडे लक्ष ठेवा. टर्बन साधारण दर वीस मिनिटांनी उडतो आणि ग्रँड बहुधा त्याच सुमाराला सुरू होतो. कुंड काठोकाठ भरून पाण्यावर लाटा उठू लागल्या, त्या काठावरून ओसंडू लागल्या, तर जागचं हलू नका. टर्बन एकटाच उडाला आणि कुंडाची पातळी उतरली, तर निदान पुढची वीस मिनिटं गेली. पाणी प्या, पाय मोकळे करा. उद्रेक नऊ ते बारा मिनिटं चालतो. तो थांबला की लोक टाळ्या वाजवून निघतात. तुम्ही निघू नका. मिनिटभरात दुसरी उसळी येऊ शकते, आणि अनेकदा ती पहिलीपेक्षा उंच असते.

ग्रँडला उशीर असेल तर थोडं पुढे नदीकाठचा रिव्हरसाइड गिझर पाहा. तो वीसेक मिनिटं चालतो आणि त्याची धार फायरहोल नदीवर कमानीसारखी पडते. पार्कच्याच नॉरिस भागातला स्टीमबोट गिझर ९० मीटरच्या वर जातो खरा, पण त्याची वेळ कुणालाच सांगता येत नाही. एका दिवसाच्या बेतात त्याच्यासाठी थांबू नका.

बसताना वारा पाठीवर घ्या, नाहीतर नुसती वाफ दिसेल. उडालेल्या पाण्यात सिलिका (वाळूत असतं ते खनिज) असते; चष्म्यावर किंवा लेन्सवर थेंब पडले तर सुकू देऊ नका, लगेच स्वच्छ पाण्याने पुसा. सुकलेले डाग निघत नाहीत.

लाकडी वाटेवरून खाली पाय टाकू नका आणि मुलांचा हात धरा. बाजूचा पांढरट थर दगडासारखा दिसतो, पण काही ठिकाणी पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी असतं. तिथे भाजून माणसं मेली आहेत. गिझरच्या तोंडात खडा किंवा नाणंही टाकू नका. नॉरिसचा मिनट गिझर पूर्वी मिनिटामिनिटाला उडायचा. जुन्या काळी पर्यटकांनी टाकलेल्या दगडांनी त्याचं मोठं तोंड बुजलं.