पिनबॉल मशीनला वॅक्स लावायच्या आधी बॉल बदला

तुमचा प्रश्न असा: १९९२ चं 'अ‍ॅडम्स फॅमिली' हे पिनबॉल मशीन बेसमेंटमध्ये आणलंय, प्लेफील्ड (ज्यावर बॉल फिरतो ती फळी) काळवंडलंय, ओल्या फडक्याने पुसून फर्निचर पॉलिश मारलं तर चालेल का, आणि वॅक्स कुठलं घ्यायचं?

ओलं फडकं नको आणि फर्निचर पॉलिशही नको. प्लेफील्ड म्हणजे शेवटी प्लायवुड. स्क्रूच्या भोकांतून आणि इन्सर्टच्या (दिव्यांवर बसवलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यांच्या) कडांतून पाणी आत गेलं की लाकूड फुगतं, वरचा रंग सुटतो. पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असतं. पुढे कधी रंग दुरुस्त करून क्लिअरकोट (वरचा पारदर्शक थर) द्यायची वेळ आली, तर त्या सिलिकॉनवर तो धरत नाही.

वॅक्सकडे वळण्याआधी बॉल बाहेर काढा. तुमच्या मशीनमध्ये तीन आहेत, प्रत्येक साधारण २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅमच्या आसपास. चांगल्या उजेडात एकेक हातात धरून फिरवा आणि नख हलकेच ओढून पाहा. आरशासारखा लख्ख दिसायला हवा. बारीक टोचे दिसले, नख अडकलं किंवा बॉल धुरकट वाटला, तर तो सरळ टाकून द्या. असा बॉल धुळीवरून हजार वेळा गेला की सँडपेपरचंच काम करतो, मग वर कितीही महागडं वॅक्स असो. नवे बॉल अगदी स्वस्त असतात, प्लेफील्ड नसतं. तुमच्या मशीनमध्ये तर प्लेफील्डखाली चुंबकं आहेत. त्यांनी बॉल हळूहळू चुंबकीय होतात आणि एकमेकांना चिकटतात. दोन बॉल एकमेकांजवळ नेऊन बघा. ओढ जाणवली तर तेही बदलायचे.

आता सफाई. मशीनची पिन भिंतीतून काढा. कॉइन डोअरच्या (पुढच्या, नाणी टाकायच्या दाराच्या) आतली खटकी ओढून लॉकबार (काचेला पुढून अडवणारी धातूची पट्टी) काढा आणि काच खाली सरकवत बाहेर घ्या. ती टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) असते. मधोमध बरीच सोसते, पण कोपरा फरशीवर टेकला तर क्षणात चुरा होतो, म्हणून गालिच्यावरच ठेवा. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरने आधी कोरडी धूळ काढा. फ्लिपरच्या (बॉल मारायच्या दांड्यांच्या) मागे, स्लिंगशॉटच्या (त्यांच्या वरच्या, बॉल उडवणाऱ्या त्रिकोणी रबरांच्या) खाली आणि बॉल जिथून परत येतो त्या खाचेत काळी पूड साचलेली दिसेल. रबर, धातू आणि जुनं वॅक्स यांचा तो खच. तो फडक्याने घासत बसलात तर तुम्हीच ओरखडे पाडाल. आधी उचलायचा, मग पुसायचं.

उरलेल्या चिकट काळेपणासाठी नॅप्था (पेट्रोलसारखं सॉल्व्हंट) उत्तम. मायक्रोफायबरवर थोडं घ्यायचं आणि पुसायचं; जुनं वॅक्सही निघतं. मात्र ते झटकन पेट घेतं. अमेरिकेतल्या बहुतेक बेसमेंटमध्ये गॅसवरचा वॉटर हीटर किंवा फर्नेस शेजारीच असतो, त्यामुळे हे काम तिथे करू नका, निदान ज्योत बंद करून खिडक्या उघडल्याशिवाय तरी नाही.

तरीही बॉलच्या वाटांचे राखाडी पट्टे राहिले, तर नोव्हस २ हे प्लास्टिकचं पॉलिश थोडंसं घेऊन हलक्या हाताने घासा. नोव्हस ३ प्लेफील्डसाठी फार खरखरीत आहे. जिथे रंग उडून लाकूड दिसतंय तिथे नोव्हस लावूच नका, पांढरी पूड लाकडाच्या रेषांत बसते ती निघत नाही. मेलामाइन स्पंज (बारीक घासणारा पांढरा स्पंज) आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. स्पंजने मळाबरोबर क्लिअरकोटचा पापुद्राही निघतो. जुन्या लॅकरच्या (वार्निशसारख्या थराच्या) मशीनवर तर रंगच येतो. मी तो फार हट्टी डागापुरता आणि तोही कोपऱ्यात तपासून वापरतो. छापील प्लास्टिकवर अल्कोहोल नकोच.

वॅक्स म्हणाल तर शुद्ध कार्नोबाचं (ताडाच्या पानांवरच्या मेणाचं) पेस्ट वॅक्स घ्या. डब्यावर 'क्लीनर वॅक्स' लिहिलं असेल तर परत ठेवा, त्यात घासणारे कण किंवा सॉल्व्हंट असतात. एका वेळी हातभर जागा, अगदी पातळ थर, धुकट होईपर्यंत थांबायचं आणि स्वच्छ फडक्याने चमकवायचं. जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसायला त्रास होतो. फ्लिपरच्या रबरांना वॅक्स लागू देऊ नका, पकड जाते. कॅरमवर बोरिक पावडर टाकायची आपल्याला सवय आहे, पण इथे कुठलीही पावडर नको. ती स्विचमध्ये आणि कॉइलमध्ये (फ्लिपर हलवणाऱ्या विद्युतचुंबकात) जाते. तसंच कॉइलच्या नळीत तेल किंवा डब्ल्यूडी-४० सुद्धा नको. ती कोरडीच चालायची असते. तेलात धूळ बसते आणि फ्लिपर जड होतो.

किती दिवसांनी? दिवस मोजू नका, खेळ मोजा. कॉइन डोअरच्या आतल्या बटणांनी मेनू उघडला की एकूण खेळांचा आकडा दिसतो. तो टिपून ठेवा आणि दर दोनशे-एक खेळांनी धूळ, बॉल, वॅक्स असा फेरा घ्या. वॅक्सनंतर खेळ वेगवान वाटेल. तो अवघड वाटला म्हणून मागचे पाय खाली घेऊ नका. उतार साडेसहा अंशांच्या जवळच हवा.

झिजणाऱ्या भोकांच्या कडांना बसवायची स्टीलची पातळ पट्टी मिळते, तुमच्या प्लेफील्डवरच्या इलेक्ट्रिक चेअरच्या भोकाला ती जरूर लावा. तुमचं मशीन २०,२७० इतकं विकलं गेलेलं आहे, त्यामुळे असे सुटे भाग सहज सापडतात. बेसमेंट दमट असेल तर डीह्युमिडिफायर चालू ठेवा, आणि कॅबिनेटवर थेट ऊन पडू देऊ नका. लाल रंग सगळ्यात आधी उडतो.

आणि या सगळ्याच्या आधी, आजच्या आज एक काम करा. पिन काढलेलीच ठेवून बॅकबॉक्स (मागची उभी पेटी) उघडा आणि सीपीयू बोर्डावरचे तीन डबल-ए सेल पाहा. टोकांवर पांढरा किंवा हिरवट थर दिसला तर सेल लगेच काढा आणि बोर्ड जाणकाराला दाखवा. थर नसला तरी अल्कलाइन सेल बदलून लिथियमचे टाका, किंवा सेलची पेटी वायर लावून बोर्डापासून दूर, खालच्या बाजूला घ्या. यात जुने हायस्कोअर पुसले जातील; ते जाऊ द्या.