सामायिक स्टोरेज ठरवण्यापूर्वी

एकच सामायिक स्टोरेज वापरणारा दोन सर्व्हरांचा क्लस्टर, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा काम उचलेल अशी जोडी, उभारताना तुम्ही डिस्कची क्षमता आधी मोजत आहात. माझ्या मते सुरुवात फेन्सिंगपासून, म्हणजे बिघडलेल्या सर्व्हरला स्टोरेजपासून सक्तीने तोडण्याच्या सोयीपासून, करावी. दोन्ही नोड (क्लस्टरमधले सर्व्हर) जिवंत असताना त्यांच्यातला संपर्क तुटला, तर प्रत्येकाला दुसरा मेला असे वाटते आणि दोघेही त्याच लनवर (एलयूएन, म्हणजे स्टोरेजने सर्व्हरला डिस्क म्हणून दिलेल्या भागावर) लिहू लागतात. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस एका वेळी एकाच यंत्राने माउंट करायच्या (वापरासाठी जोडायच्या) फाइल सिस्टीम आहेत: एका नोडवर तयार केलेली फाइल दुसऱ्यावर दिसत नाही, कारण प्रत्येकाची कॅशे (मेमरीतली तात्पुरती प्रत) वेगळी असते, आणि थोड्याच वेळात मेटाडेटा, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद, बिघडतो. तो बिघाड एफएससीके हे फाइल सिस्टीम दुरुस्त करणारे साधन चालवूनही पूर्ण निस्तरत नाही. म्हणून स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्वेशन (कोणत्या नोडला लिहू द्यायचे ते स्टोरेजनेच ठरवण्याची सोय) किंवा नोडची वीज तोडणारे फेन्सिंग हवेच, आणि कोणता नोड चालू राहील याचा कौल बरोबरीत अडकू नये यासाठी तिसरे मत, म्हणजे कोरम डिस्क (मतासाठी राखलेली सामायिक डिस्क) किंवा वेगळ्या यंत्रावरचे क्यूडिव्हाइस (मत देणारी सेवा), ठेवावे. दोन्ही नोडना एकाच वेळी लिहायचे असेल, तरच जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ या क्लस्टरसाठीच्या फाइल सिस्टीम घ्या. एरवी तो गुंता नकोच.

स्टोरेजमध्ये दोन कंट्रोलर (डिस्क सांभाळणारे भाग) असले तरी दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये गेल्या, तर तो स्विच बंद पडताच सगळे थांबते. मल्टिपाथची, म्हणजे स्टोरेजपर्यंत एकाहून अधिक मार्गांची, मांडणी झाल्यावर, डेटाबेसवर लेखन चालू असतानाच, एक केबल हाताने उपसून पाहा आणि लेखन किती सेकंद अडते ते घड्याळ लावून मोजा. सर्व मार्ग गेल्यावर लेखन अनिश्चित काळ रांगेत ठेवण्याची सेटिंग असेल, तर ती आवर्जून तपासा, कारण तिच्यामुळे नोड नुसता गोठून राहतो आणि फेलओव्हर, म्हणजे काम दुसऱ्या नोडकडे जाणे, रखडतो. बॅकअप अर्थातच वेगळ्या स्टोरेजवर.