बायकोच्या व्हिसावर जर्मनीला जाऊ का, असं विचारलंस म्हणून

भावा, तुझा प्रश्न वाचला आणि दोन दिवस डोक्यातनं गेलाच नाही. बायको मिरजेत नर्स, तिला जर्मनीची ऑफर, पोरगी चार वर्षांची, तू तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर हिशेब बघतोस, आणि आता तिच्या मागनं जाऊ का, लोक काय म्हणतील. मी २०१७ ला अगदी असाच आलो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो, ही मिरजेला आयसीयूत. पोरगी पण चारचीच.

व्हिसाला काय लागतं, जर्मन भाषेची बी-टू पातळी कुठं करायची ते तुला एजंट सांगतीलच, २०२४ ला महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार केल्यापासून माहितीला काय तोटा नाही. मी एवढंच सांगतो, डिग्रीला मान्यता मिळेपर्यंत तिला हेल्परचा पगार आणि हेल्परचीच कामं. आयसीयूत आठ वर्षं काढलेली बाई दिवसभर म्हाताऱ्यांचे डायपर बदलून घरी येते तेव्हा ती बोलत नाही. तू पण बोलू नकोस, चहा ठेव. मी बोललो होतो. "तूच आणलंस ना इथं" असं काहीतरी.

नावाचा घोळ मात्र तुला कुणी सांगणार नाही. आपल्यात बायकोचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, आणि हिच्या पासपोर्टवर माझं नाव हिच्या नावाला चिकटलेलं. जर्मन ऑफिसात आडनाव सोडून उरलेलं सगळं पहिलं नावच धरतात. पत्ता नोंदवायला गेलो तर खिडकीतल्या बाई स्क्रीनकडं बघत विचारतात, हे पुरुषाचं नाव तुमच्या नावात कसं काय? ही म्हणाली, हे ह्यांचं नाव, आमच्यात लग्नानंतर लावतात. बाईंनी मान डोलावली, माझा पासपोर्ट उघडला, आणि अगदी साध्या आवाजात, टोमणा वगैरे काही नाही, विचारलं की मग ह्यांच्या नावात तुमचं नाव कुठाय? माझ्या नावात आण्णांचं नाव. पोरीच्या नावात माझं. हिचं कुणाच्याच नावात नाही. ही हसली. मला ते हसणं अजून आठवतं. त्यानंतर इन्शुरन्सचं कार्ड एका नावाने, बँकेचं दुसऱ्या, पगाराचं पत्र तिसऱ्याच, चार महिने नुसती पत्रापत्री. जमलं तर निघायच्या आधीच पासपोर्टवरची नावं नीट करून घे.

घरकामाचं तू विचारलंस त्यात काही दम नाही. भात, आमटी, भांडी, महिन्यात शिकशील. अवघड दुसरंच असतं. पोरीला बालवाडीत घातलं की सुरुवातीचे काही आठवडे पालकाने तिथं बसायचं असतं, पोर रुळेपर्यंत. गुडघ्याएवढ्या खुर्चीवर कॉरिडॉरमध्ये मी बसायचो, पहिले दिवस आत, मग दाराबाहेर, मग अर्धा तास बाहेर चक्कर. आजूबाजूला सगळ्या आया. आणि फॉर्मवर पहिला नंबर माझा असूनही ताप आला की फोन हिच्याच वॉर्डात. म्हणजे तिकडं सगळं समान असतं ही तुझी समजूत असेल तर ती पण काढून टाक. नोकरीसाठी पोर दुसऱ्याकडं ठेवणाऱ्या आईला जर्मनमध्ये शब्द आहे, राबेनमुटर, कावळ्याच्या जातीची आई. वरच्या मजल्यावरच्या आजी सांगायच्या की पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायद्यातच होतं, बायकोने नोकरी करायची तर घर सांभाळून जमत असेल तरच. मी मनात म्हटलं, आमच्या आईला ऐकवायला पाहिजे, ती म्हणेल बघ, शहाणी माणसं.

शाळेचं अजून टोचतं. इथं चौथीतच ठरवतात, पोर जिम्नॅझियमला, म्हणजे पुढं युनिव्हर्सिटीकडं नेणाऱ्या शाळेला जाणार, का रेआलशुलेला, म्हणजे त्याखालच्या शाळेला. आमच्या पोरीचं गणित चांगलं, पण वर्गात हात वर करत नाही म्हणून बाईंनी रेआलशुले सुचवलं. आमच्या राज्यात शिफारस बंधनकारक नाही, भांडलो असतो तर जिम्नॅझियमला घालता आलं असतं. मी गेलो भेटायला, माझं जर्मन तोंडातच अडकलं, "या, या" म्हणजे हो, हो करून परत आलो. हिची नाईट होती. आता गंमत बघ, सहा वर्षं पोरीचा डबा, अभ्यास, पालकसभा सगळं मी केलं, पण सांगलीत कळल्यावर आई फोनवर काय म्हणाली, आईच दिवसरात्र नोकरीवर म्हटल्यावर पोरगी मागं पडणारच. आणि मी फोन स्पीकरवर असताना गप्प बसलो. ही शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती.

एकटेपणा असतो. डिसेंबरात चार-साडेचारला अंधार, रविवारी दुकानं बंद. भडंग जास्तीचं आण. पुढं.

पैशांचं खरं सांगतो, कारण ह्यासाठीच लिहायला बसलो बहुतेक. सुरुवातीला मी मिनीजॉब, म्हणजे थोड्या तासांचं छोटं काम करायचो, तेव्हा महिन्याला ४५० युरोची मर्यादा होती, आता गोडाऊनमध्ये फुलटाइम. नवराबायकोत जास्त कमावणाऱ्याने टॅक्सचा क्लास तीन घ्यायचा, त्यात कपात कमी, कमीवाल्याला पाच, असं बरेच जण करतात, आम्ही पण केलं. पाचवाल्याच्या स्लिपवर कपात एवढी दिसते की आपण फुकटच राबलो असं वाटतं. हा पाच इथं बहुतेक बायकांच्या वाट्याला येतो. माझ्या स्लिपवर पाच आहे, आणि गोडाऊनमधल्या एका तुर्की मित्राने ते बघितलं त्या दिवशी मी दोन तास घरीच गेलो नाही, ट्राममध्ये बसून राहिलो. असला माणूस मी.

२०१९ चा पूर आठवत असेल. आयर्विन पुलाची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, गावभागातलं आमचं घर छातीपर्यंत पाण्यात. आम्ही साडेचार हजार युरो पाठवले, सगळे हिच्या ओव्हरटाइमचे. ॲप माझ्या फोनवर, पाठवणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव. आण्णांनी पासबुक भरून आणलं आणि गल्लीत दाखवलं, पोराने जर्मनीतनं पाठवले. मी दुरुस्त केलं नाही. म्हटलं, म्हातारा माणूस, तेवढंच समाधान. हिला म्हटलं, पैसे पोचले ना, नाव कुणाचं का असेना. ती म्हणाली, बरं. त्यानंतर प्रत्येक वेळी माझ्याच नावाने गेले, पत्र्याचे, आईच्या मोतीबिंदूचे, सगळे.

गेल्या वर्षी गणपतीत गेलो होतो. भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण आण्णांनी मुद्दाम ठेवलीय, तिथं हात लावून पाहुण्यांना सांगत होते, इथवर पाणी, आणि हे सगळं पोराने परत उभं केलं. ही चहाचा ट्रे घेऊन मागं उभी. पाहुणे माझ्याकडं बघत होते. मी कप उचलला.

तुला जायचं असेल तर जा, व्हिसा बायकोचा म्हणून अडू नकोस. फक्त पहिल्या महिन्याचे पैसे घरी पाठवशील ते तिच्या खात्यातनं, तिच्या नावाने पाठव. पहिल्याच महिन्यात. नंतर जमत नाही, मी बघितलंय करून.