वाचकांचे प्रश्न : ड्रिल बॅटरीचं घ्यावं की वायरचं?

प्रश्न : घराचं बांधकाम सुरू आहे, स्लॅब पडून दोन महिने झाले. जिन्याचं रेलिंग, पाइपचे क्लॅम्प, खिडक्या, पडद्यांचे रॉड अशी कामं बाकी आहेत. दुकानदार 18 व्होल्टचं बॅटरी ड्रिल घ्या म्हणतो, मिस्त्री म्हणतात वायरचंच घ्या. कोणाचं ऐकू? (एक वाचक, कळंबा)

उत्तर : मिस्त्रींचं ऐका. पण वायर की बॅटरी याच्या आधी भोक कशात पाडायचं ते बघा. आपल्याकडच्या काँक्रीटमधली खडी काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची असते, आणि ड्रिलची खरी परीक्षा तिथेच होते.

चावीने आवळायच्या चकचं (बीट पकडणाऱ्या जबड्याचं) साधं इम्पॅक्ट ड्रिल आतल्या दोन दातेरी चकत्या एकमेकींवर उडवून ठोके देतं. मिनिटाला चाळीस हजारांच्या पुढे, पण प्रत्येक ठोका हलका. विटेत ते छान चालतं. बीममध्ये खडी लागली की बीट जागेवरच फिरत राहतं, आपण अंगाचा भार टाकून रेटतो, टोक तापून निळं पडतं आणि कार्बाइडची पट्टी बोथट होते किंवा निखळते. तापलेलं बीट पाण्यात बुडवलं तर ती पट्टी तडकते. हॅमर मशीनमध्ये पिस्टन हवेच्या दाबाने ठोका देतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण एकेक ठोका 2 ते 3 ज्यूलचा. मशीन नुसतं नीट धरायचं, रेटायचं नाही.

म्हणून बांधकामासाठी 700-800 वॅटचं, काँक्रीटमध्ये 24 किंवा 26 मिमीपर्यंतचं भोक पाडणारं, ‘एसडीएस प्लस’ (खाचांच्या दांड्याचं, चावीशिवाय अडकणारं) बीट बसणारं वायरचं हॅमर घ्या. बॅटरीवरची हॅमरही चांगली येतात. पण हिशोब करा : 18 व्होल्ट, 4 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 72 वॅट-तास वीज मावते. 750 वॅटचं मशीन पूर्ण भाराने तेवढी वीज सहा मिनिटांत खातं. बॅटरीचं मशीन कमी वीज घेतं हे खरं, तरी रेलिंगची 12 मिमीची चाळीस भोकं ओळीने पाडायची तर दोन-तीन बॅटऱ्या हव्यात. एका घरासाठी तो खर्च अंगावर येतो.

स्क्रू पिळायला मात्र वायरचं मशीन वापरू नका. ठरावीक जोर झाला की पिळणं थांबवणारा, कमी-जास्त करता येणारा क्लच त्याला नसतो. स्क्रूचं डोकं झिजतं, बिजागरी वाकते. त्यासाठी 12 व्होल्टचं छोटं बॅटरी ड्रिल पुरतं आणि राहायला गेल्यावर तेच रोज हातात येईल. पैसे एकाचेच असतील तर आधी हॅमर घ्या. लाकूड-लोखंडासाठी त्याला चकचा अडॅप्टर बसतो, फक्त ठोका बंद ठेवायचा.

बीममध्ये भोक पाडताना खोली अशी धरा : गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग, खडी नव्हे) 50 मिमी, गिलावा 15, धूळ साठायला 10, म्हणजे 75 मिमी. बीटवर तेवढ्यावर चिकटपट्टी गुंडाळा. दोन-तीनदा बीट बाहेर काढून भुकटी काढा. भुकटी आत राहिली तर गिट्टी अर्ध्यावर अडते. बीट एकदम अडलं, खणखणीत आवाज आला आणि राखाडी भुकटी थांबली, तर सळई लागली असं समजा. ती तोडायला जाऊ नका, भोक 25-30 मिमी बाजूला घ्या.

प्रश्न : आमचं घर जांभ्याचं आहे. भोक मोठं होतं आणि गिट्टी आत गोल फिरते. (आजरा)

उत्तर : ठोका बंद करा. जांभा मऊ आणि सच्छिद्र, ठोक्याने कडा ढासळतात. 8 मिमीच्या गिट्टीसाठी आधी 7 मिमीचं बीट नुसतं फिरवत घाला, सैल वाटलं नाही तरच 8 मिमीचं. इथे बॅटरीचं ड्रिल पुरेसं आहे. गिट्टी लांब घ्या. गिझरसारख्या जड वस्तूला जाळीच्या नळीतला केमिकल अँकर (भोकात भरल्यावर घट्ट होणारं रसायन) लावा आणि तो पूर्ण घट्ट होईपर्यंत वजन टांगू नका. पावसाळ्यात भिंती ओल्या असताना वायरचं मशीन चालवायचंच असेल, तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच चालवा.

प्रश्न : मशीन वर्षाचंही नाही, तरी ठिणग्या दिसतात आणि वास येतो. एक्स्टेन्शनची वायरही तापते. (उचगाव)

उत्तर : छताला भोकं पाडली असतील तर वरून पडणारी भुकटी थेट मशीनच्या जाळीत जाते आणि कार्बन (मोटरला वीज पोचवणारे ब्रश) झिजवते. प्लॅस्टिकच्या कपाच्या तळाला भोक पाडून तो बीटवर उलटा नाही, सुलटाच ओवा. भुकटी कपात साठते. कार्बन काढून बघा, 5-6 मिमीच उरले असतील तर दोन्ही एकदम बदला. नवे कार्बन घालूनही भडक ठिणग्या येत असतील तर आर्मेचर (मोटरचा आत फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) बघावं लागेल. तिथून पुढे मशीन चालवू नका, कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिवाइंडिंगवाल्याला दाखवा.

वायर तापते ती बहुधा रिळावर गुंडाळलेली असल्यामुळे. ती पूर्ण सोडा, 1.5 चौरस मिमी तांब्याची घ्या, प्लगचे स्क्रू आवळा. आणि त्याच बोर्डावर फरशीचा कटर लावू नका.